पाहणं वेगळं, मोजणं वेगळं : सजगतेच्या पहिल्या आठ आठवड्यांसाठी

रोज दहा मिनिटं आणि पंधरवड्यातून एकदा पाच मिनिटं. सजगतेचा (माइंडफुलनेसचा), म्हणजे या क्षणी मनात-शरीरात काय चाललंय ते निकाल न देता पाहण्याचा, सराव नव्याने सुरू करणाऱ्याला पहिले दोन महिने यापेक्षा फारसा जास्त वेळ काढावा लागत नाही. एक साधी वही, पेन आणि घरात बसायला एक कोपरा एवढ्यावर भागतं. ॲप, खास उशी, उदबत्ती, महागडी चटई यांतलं काहीही लागत नाही.

अवघड गोष्ट वेगळीच आहे. सरावाला बसलं की मनाकडे नुसतं पाहायचं असतं, निकाल द्यायचा नसतो. स्वतःचं मूल्यमापन करताना मात्र नेमकं ठरवायचं असतं : गेले दोन आठवडे झोप कशी होती, कामात रस होता का, किती दिवस उदास गेले. नवखी माणसं या दोन्हींची सरमिसळ करतात. डोळे मिटल्या मिटल्या ‘आज जमतंय का, काल जास्त बरं जमलं होतं’ असा हिशोब सुरू होतो आणि बसण्याचीच परीक्षा होऊन बसते. दुसऱ्या टोकाला अशीही माणसं मला भेटतात जी वर्षानुवर्षं नेमाने ध्यानाला बसतात, पण आपली झोप उडाली आहे, जेवणावरची वासना गेली आहे, माणसं नकोशी झाली आहेत, याची त्यांनी कधी नोंदच घेतलेली नसते. म्हणून या लेखातली बाकी एखादी गोष्ट विसरलात तरी चालेल, पण पाहण्याची वेळ आणि मोजण्याची वेळ वेगळी ठेवा.

आठ आठवडेच का?

सजगतेची मुळं बौद्ध परंपरेत आहेत. महाराष्ट्राला तर ती परकी नाहीच. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतली विपश्यना शिबिरं होत आहेत. आज दवाखान्यांतून शिकवली जाणारी पद्धत मात्र १९७९ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाली. जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखण्यांनी हैराण झालेल्या रुग्णांसाठी ती बसवली. आठ आठवडे, दर आठवड्याला सुमारे अडीच तासांचा वर्ग, रोज घरी पाऊण तास सराव आणि मध्ये एक पूर्ण दिवस मौनाचा, असा तो अभ्यासक्रम आहे. या विषयावरचं बरंचसं संशोधन याच आठ आठवड्यांच्या मापाने झालं आहे, म्हणून मीही तेच माप धरलं आहे.

या सगळ्याचा उपयोग होतो का? होतो, पण मर्यादेत. २०१४ साली ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, उदासी आणि दुखणं यांत ध्यानाने थोडा ते मध्यम फरक पडतो, असं त्यात दिसलं. पण व्यायाम किंवा औषधं यांच्यापेक्षा ते सरस ठरतं, असा पुरावा मिळाला नाही. २०२२ मधल्या एका अमेरिकन चाचणीत चिंताविकार असलेल्या २७६ प्रौढांपैकी निम्म्यांना हा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम दिला आणि निम्म्यांना एस्सिटालोप्रॅम हे नेहमीचं औषध. दोन्ही गटांत चिंता जवळजवळ सारखीच कमी झाली. मात्र त्या लोकांना शिक्षक होता, वर्ग होता आणि त्यांनी रोज पाऊण तास सराव करणं अपेक्षित होतं. घरच्या घरी दहा मिनिटं बसून तोच परिणाम येईल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. आणि चालू असलेली गोळी आपल्या मनाने बंद करायला तर या चाचणीचा आधार मुळीच घेऊ नका.

दहा मिनिटांत काय मिळतं? स्वतःच्या मनाची खबर वेळेवर लागायला लागते. माझ्या मते हे पुष्कळ आहे.

पहिली पायरी : बसायच्या आधी मोजा

वहीचं पहिलं पान यासाठी ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, १९९८ पासून जगभर वापरात असलेली. छोटी आहे, त्यात एकही अवघड शब्द नाही आणि ती आजाराविषयी न विचारता बरं वाटण्याविषयी विचारते, म्हणून नवख्यांना मी हीच सुचवते. प्रश्न इथे माझ्या शब्दांत देते आहे. गेल्या दोन आठवड्यांत :

मी आनंदात होते, मन प्रसन्न होतं.
मला शांत आणि निवांत वाटलं.
अंगात उत्साह होता.
सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं.
रोजच्या दिवसात मला रस वाटेल अशा गोष्टी होत्या.

प्रत्येक वाक्याला ० ते ५ गुण द्यायचे. सतत असं वाटलं तर ५, बहुतेक वेळ ४, निम्म्याहून जास्त वेळ ३, निम्म्याहून कमी वेळ २, अधूनमधून १ आणि कधीच नाही तर ०. बेरजेला चारने गुणलं की शंभरपैकी आकडा मिळतो. तो ५० किंवा त्याहून खाली असेल तर मनाकडे आणखी नीट पाहायची गरज आहे, असा त्याचा संकेत. हे निदान नव्हे. ते डॉक्टर करतात.

समजा, ठाण्याहून रोज लोकलने फोर्टला नोकरीला जाणाऱ्या एका बाईंनी हे भरलं. आनंद २, शांतपणा १, उत्साह ३, सकाळचा ताजेपणा १, रस ४. बेरीज ११, आकडा ४४. पन्नासच्या खाली म्हणून त्या घाबरल्या, तर नुसता आकडाच पाहिल्यासारखं होईल. सुटे गुण वाचायला हवेत. रोजच्या आयुष्यातला रस टिकून आहे, ही मोठी जमेची बाजू. पडलंय ते झोप आणि शांतपणा यांत. म्हणजे पहिले प्रश्न झोपेविषयीचे : रात्री किती वाजता आडवं होता, अंथरुणात मोबाइल किती वेळ असतो, घोरता का असं घरच्यांना विचारलंय का? आठ तास झोपूनही सकाळी गळून गेल्यासारखं वाटत असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ या तपासण्या डॉक्टरांना विचारून करून घ्याव्यात. शाकाहारी माणसांत बी-१२ ची कमतरता पुष्कळ आढळते आणि तिने थकवा, उदासी दोन्ही येऊ शकतात. शरीरातल्या कमतरतेवर श्वासाकडे पाहत बसणं हा उपाय होत नाही.

आकडा लिहिलात की खाली तारीख टाका आणि एकच ओळ लिहा : या पंधरवड्यात वेगळं काय घडलं. दहावीच्या मुलाची परीक्षा, घरातलं आजारपण, ऑडिट, पाहुणे, जे असेल ते. पुढे ही ओळ फार कामाला येते. मग ते पान बंद करा, पंधरा दिवस उघडू नका. रोज मोजलं तर रोजचे चढउतारच दिसत राहतात आणि उगीच धाकधूक वाढते.

दुसरी पायरी : पहिले दोन आठवडे, श्वास

वेळ ठरवताना रिकामा वेळ शोधू नका, तो कधीच सापडत नाही. रोज हमखास होणाऱ्या एखाद्या गोष्टीला सराव जोडा. दात घासल्यावर, सकाळच्या चहाआधी, डबा भरून झाल्यावर, दुपारी मुलं शाळेतून यायच्या आत. घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच दिवशी कुणीतरी “काय गं, बरं नाही का?” असं विचारत दारात उभं राहील. गॅसवर दूध ठेवून बसू नका.

खुर्चीवर, पलंगाच्या कडेला किंवा जमिनीवर मांडी घालून, गुडघ्यांना झेपेल तसं बसा. पाठ सरळ असावी, ताणलेली नको. मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर लावा आणि तो पालथा घालून हात पोचणार नाही इतका लांब ठेवा. डोळे मिटा, किंवा चार-पाच फुटांवर फरशीवर नजर टेकवा. आता श्वास कुठे सगळ्यात स्पष्ट जाणवतो ते पाहा. कुणाला नाकपुडीच्या कडेला आत येणारी गार हवा आणि बाहेर जाणारी किंचित कोमट हवा कळते, कुणाला छातीचं वरखाली होणं, कुणाला पोटावर साडीची किंवा पँटची कड सैल-घट्ट होणं. एक जागा निवडा आणि निदान आठवडाभर तीच ठेवा. श्वास लांबवायचा नाही, रोखायचा नाही, मोजायचाही नाही. प्राणायामात श्वासावर काम करतात. इथे तो जसा आहे तसा येऊ-जाऊ द्यायचा.

तिसऱ्या-चौथ्या श्वासाला मन निघून जातं. गॅस बुक केला का, रविवारच्या लग्नात आहेर काय द्यायचा, नणंद परवा तसं का बोलली. कधीकधी एक अख्खं भांडण मनातल्या मनात पार पडतं, उत्तरं-प्रत्युत्तरांसकट. मग एकदम लक्षात येतं की अरे, आपण श्वासावर नाहीच. बहुतेकांना इथे वाटतं की आपल्याला हे जमत नाही. खरं तर ज्या क्षणी लक्षात आलं, तो क्षण हाच सराव. मनात हलकेच ‘गेलं’ म्हणा आणि पुढच्या श्वासावर या. दहा मिनिटांत हे पंचवीस वेळा झालं तर पंचवीस वेळा सराव झाला. हार्वर्डच्या दोन संशोधकांनी २०१० साली सव्वादोन हजार लोकांना फोनवरून दिवसभरात मधूनमधून ‘या क्षणी तुमचं लक्ष कुठे आहे’ असं विचारलं, तेव्हा जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. तुमचं मन भटकतं, यात तुमचा वैयक्तिक दोष काही नाही.

शेजारच्या कुकरची शिट्टी, खालून जाणारा भाजीवाला, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची हे सगळं होणारच. आवाज ऐकू आला, ‘आवाज’ एवढं लक्षात घेतलं, परत आलात. शांत जागेची वाट पाहणारा माणूस मुंबईत कधीच सुरुवात करणार नाही.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दहाच मिनिटं बसा. भरपाई म्हणून वीस मिनिटं बसू नका.

तिसरी पायरी : तिसरा-चौथा आठवडा, शरीर

आता श्वासाऐवजी शरीर. आडवं पडा किंवा बसा. डाव्या पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात करून लक्ष हळूहळू वर न्या : तळवा, टाच, पोटरी, गुडघा, मांडी, मग उजवा पाय, मग कंबर, पोट, पाठ, हात, खांदे, मान, चेहरा. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन श्वास थांबा आणि तिथे काय आहे ते पाहा. ऊब, मुंग्या, ठणका, कपड्याचा स्पर्श किंवा काहीच नाही. ‘काहीच जाणवत नाही’ हेही उत्तर चालतं. सैल सोडायचा प्रयत्न करू नका. नुसतं पाहिल्यावरही पुष्कळदा आवळलेला जबडा आपोआप सुटतो.

आडवं पडून केलं की पुष्कळांना झोप लागते. त्यात वाईट काही नाही. पण रोजच पोटरीपर्यंत पोचायच्या आत घोरायला लागत असाल तर झोप कमी पडते आहे, ही बातमी शरीराने दिली. वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवसापासून बसून करा.

हा सराव घराबाहेर नेता येतो, म्हणून मला तो सगळ्यांत उपयोगी वाटतो. गर्दीच्या लोकलमध्ये हँडल धरून उभं असताना पाहा : कडी किती जोरात आवळली आहे? खांदे कानांकडे सरकलेत का? वजन दोन्ही पायांवर आहे की एकाच पायावर? डोळे उघडे ठेवूनच हे करायचं आणि दारात उभं राहून तर नाहीच. दोन स्टेशनांच्या मध्ये एवढं होतं. ऑफिसात बोलणी ऐकताना, सुनेशी किंवा सासूशी बोलताना, मुलाचा निकाल उघडताना शरीर आपल्या आधी बोलायला लागतं. पोटात गोळा येतो, कान तापतात, हात गार पडतात. ती खूण ओळखता आली की तोंडातून शब्द जायच्या आत एक श्वास मिळतो.

चौथी पायरी : पाचवा-सहावा आठवडा, भावनेला नाव

दहा मिनिटांचं बसणं चालू ठेवा, आठवड्यात काही दिवस श्वास, काही दिवस शरीर. आता त्यात वहीची भर घाला. दिवसातून एकदा, एखादा प्रसंग निवडून चार गोष्टी लिहा : काय झालं, शरीरात काय जाणवलं, भावनेचं नाव, मग काय केलं. दोन ओळी पुरतात.

‘वाईट वाटलं’, ‘टेन्शन आलं’ यावर थांबू नका. आपल्याकडे शब्दांची कमतरता नाही : चिडचिड, धास्ती, हुरहुर, रुखरुख, घालमेल, तगमग, मरगळ, उबग, हिरमोड, खंत, कुचंबणा. धास्ती असेल तर ती कशाची हे शोधता येतं. रुखरुख असेल तर बहुधा कुणाशी तरी बोलायचं राहिलेलं असतं. मरगळ आणि उबग वरवर सारखे दिसतात, पण मरगळीला विश्रांती लागते, आणि विश्रांती घेऊनही उबग आला असेल तर कामातच काहीतरी बदलावं लागतं. भावनेला नेमका शब्द दिला की तिचा जोर थोडा ओसरतो, हे मेंदूच्या स्कॅनवर केलेल्या २००७ च्या एका अभ्यासातही दिसलं होतं.

त्या ठाण्याच्या बाईंची वही अशी दिसू शकेल :

मंगळ, दु. ३. साहेबांचा फोन, ‘जरा केबिनमध्ये या.’ पोटात गोळा, हात गार. धास्ती. पाणी पिऊन गेले. काम रजेच्या अर्जाचं होतं.

बुध, रात्री ८.४५. अजयने ताट तसंच ठेवलं. जबडा घट्ट, कान गरम. चिडचिड. ओरडले. मग जेवले.

गुरु, रात्री ८.३०. यांनी विचारलं, ‘भाजी कुठली?’ जबडा. चिडचिड. बोलले नाही, पण भांडी आपटली.

शनि, दु. ४. काही घडलं नाही. छाती जड. हुरहुर. आईला फोन लावला, वीस मिनिटं बोललो.

सोम, रात्री ९. डब्याची पिशवी सापडेना. डोकं ठणकतंय. चिडचिड. जेवल्यावर बरं वाटलं.

पंधरा दिवसांनी हे सलग वाचलं की ताट, भाजी आणि पिशवी ही कारणं मागे पडतात आणि वेळ पुढे येते. साडेआठ ते नऊ, आणि ‘मग जेवले’, ‘जेवल्यावर बरं वाटलं’. दुपारी एकचा डबा खाल्ल्यावर रात्रीपर्यंत पोटात चहाशिवाय काही नाही. यावर उपाय सहाच्या लोकलआधी एक केळं किंवा मूठभर चणे-फुटाणे, आणि घरी पोचल्यावर पहिली दहा मिनिटं कुणी काही विचारायचं नाही असं घरात ठरवणं. रागावर चिंतन करण्यात महिने घालवण्यापेक्षा हे करून पाहावं. मनाच्या तक्रारीवरचा उपाय दरवेळी मनातच असतो असं नाही, आणि लिहून ठेवल्याशिवाय हे कळत नाही.

वहीचा एक नियम मात्र कडक पाळा. तिच्यात स्वतःसाठी विशेषणं लिहायची नाहीत. ‘मी आळशी’, ‘मी कमकुवत’, ‘माझ्यासारखी वेडी मीच’ हे काहीही नको. ‘ओरडले’ लिहा, ‘मी वाईट आई आहे’ लिहू नका. पहिली नोंद आहे, दुसरा निकाल. आपल्याला लहानपणापासून आत्मपरीक्षण म्हणजे स्वतःचे दोष मोजणं असंच शिकवलेलं असतं. त्यामुळे सुरुवातीला पेन आपोआप तिकडे वळतं. तसं वळलं तर ते वाक्य खोडा आणि काय घडलं तेवढं पुन्हा लिहा. जे चांगलं गेलं त्याचीही नोंद हवी. शनिवारच्या फोनची होती तशी.

वही कुलपात ठेवायची गरज वाटत असेल तर ठेवा. मोकळेपणाने लिहिता येणं महत्त्वाचं आहे.

पाचवी पायरी : सातवा-आठवा आठवडा

रोजचं एक काम निवडा आणि ते पूर्ण लक्ष देऊन करा. आंघोळ, भांडी, चहा, फुलझाडांना पाणी. चहा निवडलात तर आधण उकळताना भांड्याच्या तळाशी येणारे बारीक बुडबुडे, आल्याचा वास, दूध पडल्यावर बदलणारा रंग पाहा आणि पहिले चार घोट मोबाइल हातात न घेता प्या. एवढंच. बाकी दिवस जसा जातो तसा जाऊ द्या.

पंधरवड्याचं मोजमाप

दर दोन आठवड्यांनी पाच प्रश्न पुन्हा भरा, शक्यतो त्याच वारी, त्याच वेळी. आधीचे गुण झाकून ठेवा. शंभरपैकीच्या आकड्यातला दहापर्यंतचा चढउतार फार मनावर घेऊ नका. त्याहून मोठा बदल झाला तर थांबून पाहा. बाईंचे गुण चार आठवड्यांनी २, २, ३, ३, ४ आले, म्हणजे बेरीज १४ आणि आकडा ५६, तर बारांची वाढ खरी मानायला हरकत नाही. मग ‘वेगळं काय घडलं’ ही ओळ वाचा. मोबाइल रात्री बाहेरच्या खोलीत ठेवायला लागले, असं तिथे असेल तर श्रेय त्यालाही द्या आणि ते चालू ठेवा.

आकडा ५० च्या खालीच राहिला किंवा आणखी उतरला तर दोन जास्त नेमक्या प्रश्नावल्या आहेत, डॉक्टरही त्या वापरतात. उदासीसाठी पीएचक्यू-९ : नऊ प्रश्न, २७ पैकी गुण. चिंतेसाठी जीएडी-७ : सात प्रश्न, २१ पैकी गुण. दोन्हींपैकी कुठल्याही एकीत १० किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांना भेटायचं, असं साधं धोरण ठेवा. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याविषयी, स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. त्याचं उत्तर ‘अजिबात नाही’ याखेरीज काहीही असेल तर बेरजेकडे पाहूच नका. त्याच दिवशी कुणाशी तरी बोला.

सराव कुणी जपून करावा

डोळे मिटून आत पाहणं सगळ्यांना मानवतंच असं नाही. एखाद्या अपघातातून, हिंसेतून, जवळच्या माणसाच्या अकाली मृत्यूतून नुकतंच गेलेल्या माणसाला शांत बसल्यावर तेच प्रसंग अंगावर येऊ शकतात. छातीत धडधड वाढली, घाम फुटला, आपण इथे नाहीच असं वाटायला लागलं तर सराव तिथेच थांबवा. डोळे उघडा, तळपाय जमिनीवर दाबा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, गार पाण्याने तोंड धुवा. असं वारंवार होत असेल तर एकट्याने बसू नका. पूर्वी कधी भास, भ्रम किंवा उन्मादाचा आजार झाला असेल तर आधी आपल्या मनोविकारतज्ज्ञांना विचारा.

‘करायचं तर पूर्णच’ म्हणून थेट विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला जाणारे पुष्कळ असतात. शिबिराविषयी मला आदर आहे. तिथे फी नसते, ते जुन्या साधकांच्या दानावर चालतं. पण पहाटे चारला घंटा, दिवसाकाठी दहा तासांच्या आसपास बसणं आणि मौन हे पहिलं पाऊल म्हणून फार मोठं आहे. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना तर तिथे न येण्याचाच सल्ला देतात. अर्जात प्रकृतीविषयी विचारलेलं असतं, तिथे काही लपवू नका. घरी दोन महिने नेमाने बसल्यावर जावंसं वाटलं तर जरूर जा.

आणि मुलांना जबरदस्तीने बसवू नका. ब्रिटनमधल्या ऐंशीहून जास्त शाळांत ११ ते १३ वर्षांच्या आठ हजारांहून जास्त मुलांना घेऊन झालेल्या मोठ्या चाचणीत, शाळेतल्या सजगतेच्या तासांनी त्यांच्या मनःस्वास्थ्यात नेहमीपेक्षा जास्त सुधारणा झाली नाही, असं २०२२ मध्ये जाहीर झालं. तुम्हाला रोज बसताना पाहून मूल स्वतःहून शेजारी आलं तर येऊ द्या.

मदत कुठे मिळते

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सुमारे दहा टक्के प्रौढांना कुठला ना कुठला मानसिक विकार असल्याचं दिसलं आणि त्यांतल्या बहुसंख्यांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. घरातल्या कुणाला गरज पडली तर ‘बघू, सणवार होऊन जाऊ दे’ म्हणून ढकलू नका. दोन आठवडे सलग उदासी, झोप किंवा भूक बिघडणं, आवडत्या गोष्टींतून मन उठणं, रोजची कामं अडणं, दारू वाढणं यांतलं काही दिसलं तर डॉक्टरांची वेळ घ्या.

फोनवरून सुरुवात करायची असेल तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून ती चालू आहे. नाव सांगायला संकोच वाटत असेल तर ‘मला झोप लागत नाही, मन लागत नाही’ एवढं सांगून सुरुवात करा. पुढचं ते विचारतात. जीव धोक्यात असेल तर ११२ वर फोन करा किंवा माणसाला थेट जवळच्या रुग्णालयात न्या आणि एकटं सोडू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग असतो. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, गोव्यात बांबोळीची संस्था आहे. तिथे भरती व्हायलाच जातात असं नाही, तपासून औषध घेऊन घरी येणारे पुष्कळ असतात. परदेशात असाल तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरपासून सुरुवात करा. मनातलं मराठीतच बोलता येतं असं वाटत असेल तर ऑनलाइन बोलणारे मराठी समुपदेशकही आता मिळतात.

पहिल्या भेटीला जाताना वही बरोबर न्या. डॉक्टरांसमोर बसलं की पुष्कळांना काही सुचत नाही. ‘बरं वाटत नाही’ एवढंच तोंडातून येतं आणि वेळ संपते. पाच प्रश्नांचे आकडे तारखांसह दाखवा, ‘वेगळं काय घडलं’ च्या ओळी वाचून दाखवा, आठवडाभराच्या नोंदींचं एखादं पान त्यांच्यापुढे ठेवा. चालू असलेली सगळी औषधं, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीचीसुद्धा, वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. मनात असलेले प्रश्नही तिथेच लिहा : औषध किती दिवस घ्यावं लागेल, झोप येईल का, गाडी चालवली तर चालेल का, पुन्हा कधी दाखवायचं. उत्तरं त्याच पानावर लिहून घ्या आणि पुढच्या भेटीची तारीख ठरवूनच बाहेर पडा.